घाण्याचा शनिवार, पलटणीचा शनिवार

कतारमध्ये बसून ज्यू लोकांवर लेख? आमच्या घरातूनच पहिला प्रश्न हा आला. तेव्हा आधीच सांगून टाकतो, हा लेख इस्रायलच्या राजकारणावर नाही. तो रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या मराठी माणसांवर आहे. दिवेकर, किहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी ज्यांची आडनावं आहेत, त्यांच्यावर. आणि हा विषय मला सुचला तो मात्र इथल्या शनिवारामुळे.

आम्ही राहतो ते अल अझीझिया म्हणजे दोह्याच्या नैर्ऋत्येची वस्ती. कंपाउंडच्या भिंती, मागे अस्पायर टॉवर आणि शुक्रवारी दुपारी एकदम सामसूम होणारे रस्ते. इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारची. ऑफिसवाल्यांना शुक्रवार-शनिवार असा जोड मिळतो. साइटवाल्यांचं तसं नसतं. शनिवारी काँक्रीट ओतायचं ठरलं असेल तर शनिवारी काँक्रीटच! रविवारी तर सगळ्यांचाच आठवडा सुरू. दिवाळीतला पाडवा बुधवारी आला तर बुधवारी साइट, आणि फराळ शुक्रवारी.

परदेशात आलेल्या माणसाच्या हातून पहिल्यांदा काय सुटत असेल तर त्याचं कॅलेंडर. भाषा घरात बोलता येते, वरणभात घरात शिजतो, देव फडताळात बसवता येतात. पण दिवस? दिवस दुसऱ्याच्या मालकीचा असतो. मग ज्यांनी शेकडो वर्षं दुसऱ्यांच्या कॅलेंडरमध्ये राहून आपला एक दिवस सांभाळला, त्यांनी ते कसं जमवलं? ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला जेरुसलेमला जावं लागलं नाही, अलिबाग तालुका पुरला.

तेली, पण शनिवारचे

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते ती गोष्ट अशी. फार पूर्वी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती नवगावला पुरली. ती जागा आजही दाखवतात, तिथे स्मारक आहे. हे कधी घडलं ह्यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी दोन हजार वर्षं म्हणतं, कोणी हजार. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात ह्या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्हीकडचा वारसा सापडला. म्हणजे दंतकथेतलं जहाज बाजूला ठेवलं तरी समुद्र ओलांडून कोणीतरी आलं होतं, आणि इथल्या मातीत मिसळलं होतं, एवढं नक्की.

त्यांच्याकडे पोथ्या राहिल्या नव्हत्या. हिब्रू भाषा विसरली गेली होती. पुरोहित नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हतं. बायका लुगडी नेसत, घरात मराठी बोलत. पुरुषांची नावं ऐका: समाजी, इसाजी, हसाजी, अबाजी. शिवाजी-संभाजीच्या गावात अगदी खपून जाणारी! शम्युएलचा समाजी, इसहाकचा इसाजी, यहेज्केलचा हसाजी आणि अब्राहामचा अबाजी झाला होता. धंदा तेल गाळण्याचा.

मग उरलं काय? मोजक्या चार गोष्टी. मुलाची आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर असलेलेच मासे खायचे. 'शेमा', म्हणजे देव एक आहे असं सांगणारी प्रार्थना, तीही सगळ्या प्रसंगांना तीच एक, जन्माला तीच आणि मरणाला तीच. आणि चौथी गोष्ट, शनिवारी घाणा बंद.

गावात दुसरेही तेली होते. त्यांच्यातले काही सोमवारी बैल जोडत नसत, कारण तो शंकराचा वार. ते सोमवार तेली. हे शनिवारी जोडत नसत, म्हणून हे शनिवार तेली. गावाने त्यांना धर्म विचारला नाही, वार पाहिला आणि नाव दिलं. आपल्या गावगाड्याची ही पद्धत मला फार आवडते. तुमचा देव कोणता ते तुमचं तुम्ही बघा, तेल कोणत्या दिवशी मिळणार नाही तेवढं सांगा.

सण होते, पण त्यांचीही नावं मराठीच. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. योम किप्पूर, म्हणजे उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस, तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा दिवस तो बिरड्याचा सण, म्हणजे मोड आलेल्या वालांचा. खिरीचाही एक सण होता. मूळ कारण काय हे विसरलं गेलं असेल, पण बिरडं भिजत घालायचं विसरलं गेलं नाही.

बैलाची सुट्टी

शब्बाथची आज्ञा बायबलच्या जुन्या करारात दोनदा येते. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात ती जरा सविस्तर आहे. सातव्या दिवशी तू काम करू नकोस, इतकंच सांगून ती थांबत नाही. तुझा मुलगा, मुलगी, नोकर, मोलकरीण, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, ह्या सगळ्यांना विश्रांती हवी, असं ती नाव घेऊन सांगते. कारणही देते, तूही एके काळी मिसर देशात गुलाम होतास.

ही पोथी कोकणातल्या तेल्याकडे नव्हती. पण घाण्याचा बैल शनिवारी सुटत होता! पुस्तक हरवलं आणि त्यातला बैल तेवढा राहिला, असं म्हणा ना. ह्यात चमत्कार काही नाही. घाणा तेल्याच्या स्वतःच्या मालकीचा होता. कोणाची परवानगी काढायची नव्हती. नुकसान होई, पण ते आपल्या खिशातून. ज्याच्या हातात आपलं हत्यार आहे, त्याला आपला वार सांभाळता येतो. रोजच्या जगण्यातला धर्म टिकला तो ह्या साध्या आर्थिक कारणाने, असं माझं मत आहे. बायकांच्या हातातलं स्वयंपाकघर हा दुसरा असाच स्वतःच्या मालकीचा घाणा. मांसाबरोबर दूध चालत नाही, मग नारळाचं दूध. द्राक्षाची दारू कोकणात मिळणार नाही, मग मनुका भिजवून केलेल्या शरबतावर आशीर्वाद. नवस फेडायचा असेल तर मलिदा, गोड पोह्यांचा, खोबरं आणि फळं घालून, एलियाहू हन्नबी ह्या संदेष्ट्याचं नाव घेऊन. एलियाहूच्या रथाच्या खुणा म्हणून अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याचा खडक हे लोक आजही दाखवतात.

पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. त्याच्या काळाबद्दलही मतं अनेक आहेत. त्याने म्हणे इथल्या बायकांपुढे मिश्र मासळी टाकली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांची तेवढी निवडून बाजूला काढली, आणि राहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ह्या घराण्यांतले तीन तरुण शिकवून तयार केले. त्यांना 'काजी' म्हणू लागले. ह्या गोष्टीत परीक्षा झाली ती चुलीपाशी, आणि पास झाल्या त्या बायका, हे आपलं लक्षात असू द्यावं.

आता पलटण

अठराव्या शतकात मुंबई वाढू लागली. ईस्ट इंडिया कंपनीला शिपाई हवे होते. घाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या फिरलेल्या घरांतले तरुण मुंबईच्या फौजेत भरती झाले, आणि बघता बघता हे एक लष्करी पेशाचं कुळच बनलं. देशी माणसाला त्या काळी सर्वांत वरचा हुद्दा सुभेदार-मेजरचा. तिथपर्यंत बेने इस्राएल पोचले. संख्येने एवढासा समाज, पण मुंबईच्या पलटणींमध्ये त्यांचे देशी अधिकारी ठळक दिसत.

आता गंमत बघा. घाणा आपला होता. पलटण आपली नव्हती. शनिवारी परेड लागली तर परेड. शनिवारी कूच तर कूच. बैल सोडणारा माणूस स्वतःच बैल झाला, असं कोणी म्हणेल. मग धर्माचं काय झालं?

हा पेच काही कोकणातला पहिला नव्हे. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास ज्यूंनी ग्रीक राजा अँटिओकस ह्याच्याविरुद्ध बंड केलं. बंडाच्या सुरुवातीला सुमारे हजार माणसं रानातल्या गुहांत लपली होती. शत्रू शब्बाथच्या दिवशी चालून आला. त्यांनी हत्यार उचललं नाही, दगडसुद्धा फेकला नाही, आणि बायकामुलांसकट मारली गेली. ही हकिगत मकाबींच्या ग्रंथात आहे. ती ऐकून मत्तथिया आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं, की असंच चाललं तर आपण पृथ्वीवरून पुसले जाऊ. शब्बाथला कोणी अंगावर आलं तर लढायचं. पुढे ज्यू धर्मशास्त्रात हे तत्त्व पक्कं झालं, जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा.

बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज पॅलेस्टाइन सोडून निघाले ते ह्याच अँटिओकसच्या छळाच्या काळात. बंडाच्या विजयाचा हनुक्का हा सण त्यांना माहीत नव्हता, त्याचं कारण ते हेच देतात. म्हणजे परंपरा खरी मानली, तर शनिवारी लढायचं की नाही ह्याचा निकाल मायदेशात लागला तेव्हा हे लोक समुद्रावर होते! तो निकाल कोकणातल्या शिपायाला स्वतःपुरता, हातात पोथी नसताना, लावून घ्यावा लागला असणार.

जुन्या करारात सैनिकासाठी आणखी एक नियम आहे, तो मला फार माणुसकीचा वाटतो. लढाईला निघण्याआधी अधिकाऱ्याने विचारायचं: कोणी नवं घर बांधलंय आणि अजून वास्तुशांत व्हायचीय? त्याने घरी जावं. द्राक्षमळा लावलाय आणि अजून फळ चाखलं नाही? घरी जावं. सोयरीक झालीय, लग्न व्हायचंय? घरी जावं. आणि ज्याला भीती वाटते त्यानेही जावं. घर, शेत, लग्न, भीती. सैन्यात आलेला माणूस ह्या गोष्टी बाहेर ठेवून येत नाही, हे त्या नियमाला माहीत आहे. कंपनीच्या फौजेत हा प्रश्न अर्थातच कोणी विचारत नसे.

समाजी हसाजी दिवेकर

दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ च्या दरम्यान, समाजी हसाजी दिवेकर हा बेने इस्राएल अधिकारी म्हैसूरकरांच्या हाती सापडला. सोबत त्याचे जातभाईही होते. पुढची गोष्ट समाजात अशी सांगतात: टिपू सुलतानाच्या आईने कैद्यांची जात विचारली. 'बेने इस्राएल' हे उत्तर ऐकून ती चमकली. कुराणात ज्यांचं नाव वाचलं ते लोक आपण कधी पाहिले नाहीत, ह्यांना मारू नका, असं तिने सांगितलं आणि जीव वाचले. इथे दोह्यात राहून एवढं मी सांगू शकतो, की 'बनी इस्राईल' हे नाव कुराणात ठिकठिकाणी येतं आणि सतराव्या सुऱ्याचं ते एक नावच आहे. तेव्हा दंतकथा असली तरी ती उगाच कुठून उपटलेली नाही.

तुरुंगात समाजीने नवस केला: सुटलो तर देवाचं घर बांधीन. सुटला, आणि १७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्याने बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. नाव शाअर हरहमीम, म्हणजे दयेचं दार. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव ह्याच मशिदीवरून आलं असं बरेच जण मानतात. तिथली सॅम्युएल स्ट्रीट त्याच्या नावाची. तुम्ही सुक्या मेव्याची खरेदी करायला त्या गल्ल्यांत गेला असाल तर एका कोकणी सुभेदाराच्या नवसाजवळून गेला आहात. सिनेगॉग झालं, पण आत ठेवायला तोराची गुंडाळी हवी. ती आणायला समाजी कोचीनला गेला, कारण तिथल्या ज्यूंकडे विद्या होती. तिथेच १७९७ साली तो वारला.

मला इथे थांबावंसं वाटतं. शनिवार तेल्यांनी इतकी वर्षं शनिवार पाळला, पण सिनेगॉग बांधलं नाही. ते बांधलं कोणी, तर ज्याच्या नोकरीत शनिवारची खात्री नव्हती त्या सैनिकाने. फौजेने त्याचा वार घेतला आणि त्या बदल्यात तीन गोष्टी दिल्या: रोख पगार, गावाबाहेरचं जग आणि मरणाची भीती. घाण्यापाशी धर्म ही सवय होती. कैदेत तिथे सवयीला कोण विचारतो? तिथे त्याला काहीतरी ठरवावं लागलं. सवयीतून आलेला धर्म आणि ठरवून धरलेला धर्म, ह्यात माणसाच्या वाढीचं अंतर आहे असं मला वाटतं. अर्थात ठरवलेल्याला आधार सवयीचाच होता. आजा-पणजाने बैल सोडला नसता, तर नातवाला तुरुंगात आपण कोण हे सांगता आलं नसतं.

पुस्तकं, रेषा आणि भिंती

एक दार उघडल्यावर बाकीची उघडत गेली. अलिबागचं सिनेगॉग १८४८ चं, पनवेलचं १८४९ चं. पुण्या-ठाण्याकडे, अहमदाबादकडे, कराचीकडे फौजेच्या आणि पाठोपाठ सरकारी नोकऱ्यांच्या वाटेने समाज पसरला, आणि वस्तीपाठोपाठ प्रार्थनामंदिरं गेली. कराचीचं मागेन शालोम सिनेगॉग सॉलोमन डेव्हिड ह्या म्युनिसिपालिटीतल्या सर्वेयरने १८९३ साली बांधलं. ते १९८८ साली पाडलं गेलं.

मिशनरींचा भाग तर मजेशीर आहे. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू अर्थातच ह्या लोकांनी ख्रिस्ती व्हावं हा. ह्यांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या, जुना करार मराठीत वाचला, आणि जास्त पक्के ज्यू झाले! १८४६ साली मुंबईत वल्हांडणाची पोथी, हगादा, मराठीसह छापली गेली. १८७४ ची पुण्याची हगादा चित्रांसकट आहे, आणि तिच्यात बेखमिरी भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची ढीगभर पुस्तकं मराठीत आणली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी मुलांसाठी शाळा काढली, आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. ह्याच काळात हसाजीचा पुन्हा एझिकेल झाला आणि समाजीचा सॅम्युएल. आडनावातलं गाव मात्र कोणी सोडलं नाही.

सगळं गोडगोड होतं असं नाही. मुंबईतल्या श्रीमंत बगदादी ज्यूंना हे काळेसावळे मराठी बोलणारे ज्यू आपल्यातले वाटेनात. १८३६ साली त्यांनी सरकारकडे दफनभूमीत मधे भिंत घालून मागितली. आणि फौजेचंही दार पुढे लहान झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी जातवार कंपन्यांची पद्धत आणली. मराठ्यांची कंपनी, शीखांची कंपनी. बेने इस्राएलांची स्वतंत्र कंपनी भरेल एवढी माणसंच नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांचा पेशा एका प्रशासकीय निर्णयाने आटला. मुलं रेल्वेत, पोस्टात, कचेऱ्यांत, दवाखान्यांत गेली.

पण वळण गेलं नव्हतं. स्वतंत्र भारताच्या नौदलात बेंजामिन अब्राहम सॅमसन व्हाइस ॲडमिरल झाले. नृत्यांगना लीला सॅमसन ह्यांचे ते वडील. १९७१ साली ढाक्याची शरणागती घडवून आणण्यात मोठा वाटा असलेले लेफ्टनंट जनरल जेकब हे कलकत्त्याच्या बगदादी घराण्यातले, पुढे ते गोव्याचे राज्यपालही होते.

आणि एक नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. लेफ्टनंट कर्नल जे. ई. झिराड. झिराड हे अलिबाग तालुक्यातलं गाव. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर बुतुर डोग्रांडी ह्या गावासाठी घनघोर लढाई झाली. झिराड आठव्या गढवाल रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. त्यांच्या मदतीला पूना हॉर्सचे रणगाडे होते, कमांडर लेफ्टनंट कर्नल तारापोर. त्या लढाईत दोघेही कामी आले. तारापोरांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एक पारशी आणि एक ज्यू, दोघांचेही पूर्वज पश्चिमेच्या समुद्रावरून आले असं परंपरा सांगते. सियालकोटच्या उसाच्या शेतांत ते शेजारी शेजारी लढले, हाताखाली शीख-राजपूत स्वार आणि गढवाली जवान. धर्म आणि सैनिकी पेशा ह्यांचं नातं ह्याहून निराळं काय सांगायचं?

पुरावा द्या

१९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्राएल सुमारे २० हजार होते. इस्रायल झाल्यावर बहुतेक जण हळूहळू तिकडे गेले. इकडे कोणी छळलं म्हणून गेले नाहीत, हे ते स्वतःच सांगतात. आता शनिवार सगळ्या देशाचा होता. बस बंद, दुकानं बंद. सैन्यातही जायचं, आणि तेही आपल्याच देशाच्या. दोन्ही प्रश्न सुटले म्हणायचे!

तर तिथे नवा प्रश्न. १९६०-६२ च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी वंशावळ तपासायचा नियम काढला. तुम्ही खरे ज्यू कशावरून? ज्यांच्या आजोबांना अख्खं गाव शनिवारच्या नावाने ओळखत होतं त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. तेव्हा ही शांत माणसं रस्त्यावर उतरली, धरणी धरली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला. मग कुठे प्रकरण निवळलं. त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, मलिदाही चालू ठेवला. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोवर आपल्याकडे उरले होते फक्त काही हजार.

मग आपण काय घ्यायचं?

आखाती देशात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ह्या इतिहासातलं काय उपयोगी पडतं ते सांगतो. आम्ही सगळे इथे पलटणीतले, घाण्यावरचे नाही. दिवस मालकाचा, आणि तो करार आम्ही सही करून पत्करला आहे. त्याबद्दल कुरकूर करण्यात अर्थ नाही. पण समाजीच्या पिढीकडे बघितलं की कळतं, वार हातातून गेला म्हणून सगळं गेलं असं नसतं. मात्र त्याच्या बदल्यात काहीतरी ठरवून बांधावं लागतं, नुसत्या आठवणींवर भागत नाही. आमच्यातली काही कुटुंबं शुक्रवारी सकाळी मुलांना मराठी वाचायला बसवतात. मला ते आमचं छोटं शाअर हरहमीम वाटतं.

दुसरी गोष्ट बैलाची. आज्ञेत मालकाच्या विश्रांतीबरोबर नोकराची, मोलकरणीची आणि वेशीतल्या परक्याचीही विश्रांती आहे. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यात आठवड्याला सलग २४ तासांची पगारी सुट्टी आहे. घरकाम करणारे त्या कायद्यात नव्हते, त्यांच्यासाठी २०१७ साली वेगळा कायदा झाला, आणि त्यात त्यांनाही आठवड्याची सुट्टी मिळाली. इथे वेशीतले परके आम्हीच, तेव्हा कायद्याचं मोल आम्हाला कळतं. पण घरी मोलकरीण आली की आपण परके राहत नाही, मालक होतो. मग तिला वार मिळतो का? आणि पुण्या-मुंबईत, जिथे ह्या बाबतीत कोणी विचारत नाही, तिथे आपल्या घरच्या बाईंना आठवड्याचा एक दिवस, पगार न कापता, मिळतो का? कोकणातला तेली फार शिकलेला नव्हता, श्रीमंत नव्हता, आणि त्याचं पुस्तकही हरवलं होतं. तरी त्याचा बैल शनिवारी मोकळा असे.

असो. अलिबागला जाल तेव्हा किल्ला आणि समुद्र बघून झाल्यावर इस्राएल आळीत एक चक्कर मारा. मागेन अबोथ सिनेगॉग तिथेच आहे. शनिवारी गेलात तर प्रार्थना चालू असेल कदाचित, तेव्हा जरा हळू बोला.